गाडी फिरवण्याची जागा

मी, श्यामसुंदर भिकाजी राऊळ, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा बोर्ड रंगवण्याचा (आता बंद), राहणार भटवाडी, घाटकोपर पश्चिम, मुंबई, मूळ गाव धामणखोल, माझ्या पश्चात कोणाला काय मिळावे आणि कोणाला काहीही मिळू नये हे या कागदात लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. कोणी तसा दाखवला तर तो खोटा आहे, आणि दाखवणारा बहुधा माझ्या भावकीतला आहे.

माझे डोके ठिकाणावर आहे किंवा नाही हे डॉ. रुचिरा प्रधान यांनी तपासले. त्यांनी आजचा वार विचारला, पत्ता विचारला आणि मुलाचे नाव विचारले. तिन्ही उत्तरे बरोबर आली. तिसरे सांगताना माझे तोंड वाकडे झाले, पण तो पक्षाघात नव्हे असा त्यांनी निर्वाळा दिला आहे. मला कोणी धमकावलेले नाही आणि फूसही लावलेली नाही. फूस लावायला थोडी अक्कल लागते, आणि ज्यांचा यात फायदा आहे त्यांच्याकडे ती असती तर हा कागद लिहायची वेळच आली नसती.

कलम १. भटवाडीतील जुन्या चाळीच्या बदल्यात बिल्डरने दिलेला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट मुलगा सुबोध याला द्यावा. तो त्यात राहतोच आहे, माझी खुर्चीही त्याने केव्हाच गॅलरीत नेऊन ठेवली आहे, तेव्हा त्याला फारसा फरक जाणवणार नाही. माझ्या पत्नीच्या, कै. सुलक्षणाच्या, बांगड्या सून दीप्ती हिला द्याव्यात. दीप्ती माझ्याशी तोंडावर भांडते. या घरात पाठीमागे न बोलणारी ती एकटीच आहे, आणि या गोष्टीची मला किंमत आहे.

कलम २. माझे ब्रश, रंगांचे डबे, आखणीची दोरी आणि घडीची शिडी ज्याला हवी त्याने न्यावी. कोणी येणार नाही हे मला ठाऊक आहे. अपवाद एकच. माझ्या दुकानाच्या जागी आता जो फ्लेक्स छापणारा बसला आहे त्याला यातल्या ब्रशाचा एक केससुद्धा देऊ नये. तो माणूस वाढदिवसाच्या फलकावर दोन डझन टकली छापतो आणि ज्याचा वाढदिवस त्याचे नाव कोपऱ्यात टाकतो. पहिल्या पावसात ती टकली निळी पडतात. मी रंगवलेला बोर्ड पंधरा पावसाळे उभा राहायचा, आणि मग लोक म्हणायचे, “राऊळ, जरा महाग पडता हो तुम्ही.”

कलम ३. आता बोर्डांविषयी. माझ्या पलंगाखाली आणि गॅलरीत धामणखोलच्या रस्त्यावरच्या एस.टी. थांब्यांचे जुने पत्र्याचे बोर्ड आहेत. सुबोध त्यांना भंगार म्हणतो. ते माझ्याकडे कसे आले हे सांगणे भाग आहे, नाहीतर चोरीचा आळ यायचा.

आमच्या भागातल्या प्रत्येक गावाचे एक मुंबईकर मंडळ असते, काही गावांची वाडीवार चार चार असतात. गावाला काय हवे हे ही मंडळे घाटकोपर, कुर्ला नाहीतर लालबागच्या एखाद्या खोलीत चहा पीत ठरवतात, वर्गणी काढतात आणि गावाच्या माथी मारतात. आमच्या मंडळाने सर्वांत आधी जे ठरवले ते म्हणजे थांब्यांचे बोर्ड. बोर्ड मी इथे रंगवायचो आणि ते एस.टी.च्या टपावर बांधून गावी जायचे. ज्या गाडीने थांबायचे तीच आपला थांबा डोक्यावर घेऊन जात असे. जुना बोर्ड गंजला की नवा माझ्याकडेच यायचा आणि जुना मी परत मागून घ्यायचो. माझे अक्षर भंगारवाल्याकडे जाऊ नये एवढाच त्यामागे हेतू होता.

माझ्या वडिलांच्या काळी आमच्या बाजूला खाजगी प्रवासी मोटार चाले. लोक तिला ‘सर्व्हिस’ म्हणत आणि ती फक्त खालच्या फाट्यावर येई. तिथे बोर्ड नव्हता, फणसाचे झाड होते. “फणसाकडे उतरव” म्हटले की पुरे. मग एस.टी. आली आणि फाट्यावर पहिला बोर्ड लागला. पुढे गावाने श्रमदानाने शाळेपर्यंत रस्ता काढला, गाडी शाळेपर्यंत आली. त्यासाठी माझ्या आईने टोपल्यांनी माती वाहिली आहे. आणखी काही वर्षांनी रस्ता सड्यावर, म्हणजे डोंगराच्या सपाट माथ्यावर, वरच्या वाडीपर्यंत गेला. ती गाडी पहिल्यांदा वर चढली त्या दिवशी मी गावी होतो. बाया आरत्या घेऊन उभ्या होत्या, ड्रायव्हरला इतके हार घातले की त्याला समोरचे दिसेना, आणि एका म्हाताऱ्याने गाडीच्या चाकाला हळदकुंकू लावून कंडक्टरलाच नमस्कार केला. ती गाडी मुक्कामाची होती. संध्याकाळी यायची, रात्री वरच्या वाडीत राहायची आणि सकाळी परत सुटायची. गावात मुक्कामाची गाडी असणे म्हणजे काय हे ज्यांच्या दारात आज दोन दोन मोटारी आहेत त्यांना सांगून कळणार नाही, आणि मला सांगायची हौसही नाही.

थांब्यांना नावे पडली ती त्या वेळी तिथे जे होते त्यांची. ‘तेलीदुकान’ थांब्यावर दुकान राहिलेले नाही. ‘मोडका साकव’ येथे आता सिमेंटचा पूल आहे. फणस तर रस्ता रुंद करताना गेला, पण माझी बहीण अजून “फणसाकडे” म्हणते आणि कंडक्टरला कळते. मंडळाला मात्र ही नावे गावंढळ वाटत. त्यांनी ‘मोडका साकव’ बदलून ‘सेतूनगर’ करायला लावले. मी रंगवून दिले. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी त्यावर शेण फासले. मंडळाने चौकशी समिती नेमली. ती अजून चौकशी करत आहे.

तर ‘सेतूनगर’ हा बोर्ड मंडळाचे अध्यक्ष आणि माझे चुलत बंधू चंद्रप्रकाश राऊळ यांना द्यावा. त्यांनी तो आपल्या बोरिवलीच्या दिवाणखान्यात लावावा. बाकीचे सर्व बोर्ड, एक सोडून, बहीण शुभा हिला द्यावेत. तिच्या गोठ्याला पत्रे कमी पडतात, आणि गोठ्याच्या छपरावर ते कोणाच्या तरी उपयोगी पडतील.

कलम ४. तो सोडलेला बोर्ड ‘धामणखोल बौद्धवाडी, विनंती थांबा’ असा आहे. मंडळाने पहिल्यांदा बोर्ड केले तेव्हा यादीत बौद्धवाडी नव्हती. “तिकडे कोण चढतं उतरतं,” असे तेव्हाचे पदाधिकारी म्हणाले. चढणारे उतरणारे होते, त्यांना शाळेच्या थांब्यापर्यंत चालत यावे लागे. खंडू कांबळे हा त्या वाडीचा, तेव्हा इथे विक्रोळीच्या कारखान्यात होता. तो एका रविवारी माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, “राऊळ, एक बोर्ड बनव. बाकीच्यांचा आहे तेवढाच. मोठा नको, छोटा पण नको.” मी बनवला. त्याने तो टपावर चढवला आणि स्वतः गावी जाऊन रोवला. त्यावर शेण कोणी फासले नाही, दगड मात्र दोनदा पडले. तरी सगळ्या रस्त्यावर सर्वांत जास्त टिकला तो हाच. खंडू गेला. हा बोर्ड त्याचा मुलगा विशाल याला द्यावा. त्याने मागितलेला नाही, पण तो त्याच्या बापाचा आहे.

कलम ५. या कलमात मी काहीही देत नाही. पुढचे समजावे म्हणून काय घडले ते लिहितो.

वरच्या वाडीला रस्ता संपतो तिथे मोकळी रुंद जागा होती. गाडी तिथे फिरायची. एस.टी. काही सायकल नव्हे, तिला वळायला ऐसपैस जागा लागते. ही गोष्ट जो कधी तीत बसून शेवटच्या थांब्यापर्यंत गेला आहे त्याला कोणी शिकवावी लागत नाही. मंडळाला पन्नास वर्षे झाली तेव्हा चंद्रप्रकाशच्या डोक्यात आले की गावाला भव्य प्रवासी निवारा द्यावा. कुठे? तर जिथे मोकळी रुंद जागा आहे तिथे. खांब, स्लॅब, लाद्या, स्टीलची अक्षरे, आणि दर्शनी भागात काळ्या ग्रॅनाइटवर चंद्रप्रकाशच्या वडिलांचे नाव ‘यांच्या स्मरणार्थ’. समितीत इंजिनिअर दोन होते. सगळे गावी जायचे ते आपापल्या मोटारीने.

उद्घाटनाला मीही गेलो होतो, एस.टी.ने, मोटारीतून येतोस का असे कोणी विचारले नाही म्हणून. फीत कापली, भाषणे झाली, जेवणे झाली. बांधकाम चालू होते तोवर शाळेला सुट्टी होती म्हणून मुक्कामाची गाडी शाळेच्या पटांगणातच फिरत होती, त्या संध्याकाळी ती पुन्हा वर आली. सहदेव गवस नावाचा ड्रायव्हर होता. त्याने गाडी उभी केली, खाली उतरला, शेडकडे बघितले, रस्त्याकडे बघितले, टोपी काढून डोके खाजवले आणि चंद्रप्रकाशला विचारले, “साहेब, शेड झकास आहे. आता गाडी फिरवू कुठे?”

 मग एकजण म्हणाला, “पुढेमागे करून होईल ना.” पुढे देऊळ आणि मागे उतार, पुढेमागे काय करणार? सहदेवने उजेड होता तोवर ती गाडी शाळेपर्यंत उलटी उतरवली. कंडक्टर मागे चालत होता. दुसऱ्या दिवशी आगारातून माणसे आली, त्यांनी जागा बघितली आणि सांगितले की जागा नाही तर गाडी वर येऊ शकत नाही, शाळा सुरू झाली की पटांगणातही फिरवता येणार नाही, तेव्हा ती फाट्यावरूनच परत जाईल. त्यांचे काही चुकले नाही. प्रवासी निवारा झाला आणि प्रवास संपला. ही अशी चूक फक्त आमच्या मंडळालाच सुचू शकते.

शेड पाडा, असे म्हणणारा मी एकटा होतो. “तुझ्या काकांचं नाव आहे रे त्याच्यावर,” चंद्रप्रकाश म्हणाला, “नाव कसं पाडायचं?” त्यांनी त्याऐवजी माझ्याकडे एक नवा बोर्ड सांगितला, ‘पुढील सूचनेपर्यंत गाडी फाट्यावरून सुटेल’. मी इतका हसलो की सुलक्षणाने आतून पाणी आणले. तो बोर्ड मी केला नाही. त्यांनी फ्लेक्स लावला. आता शेडमध्ये शेळ्या बसतात, आणि मी म्हणेन त्या जागेचा मान राखून बसतात.

कलम ६. माझी धाकटी बहीण शुभा भिकाजी राऊळ लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी आली ती वरच्या वाडीतल्या आमच्या घरीच राहिली. आता ती बहात्तर वर्षांची आहे आणि एकटी आहे. गाडी वर आली तेव्हापासून ड्रायव्हर कंडक्टर तिच्याच पडवीत झोपत. गावाने त्यांना जागा द्यायची असते, नाहीतर मुक्काम मिळत नाही. बाकीच्या घरांनी नाके मुरडली, तिने पडवी सारवून दिली. ते दोघे आपले पीठतांदूळ आणत आणि तिच्या चुलीवर करून घेत. पुढे तीच त्यांचे करू लागली. सकाळच्या गाडीने ती तालुक्याला कोकमाची सोले, कुळीथ घेऊन बाजारात जाई, रक्तदाबाच्या गोळ्या आणी, परत येई. तिचे सगळे आयुष्य त्या गाडीच्या येण्याजाण्यावर चालले होते, आणि ती त्यात सुखी होती. मी तिच्याहून शहाणा आहे, जास्त पैसे मिळवले आहेत आणि सुखी नाही, हे मी इथे मुद्दाम लिहितो.

गाडी बंद झाली त्या दिवशी तिचा फोन आला.

“भात उरलो,” म्हणाली.

मी म्हटले, “शुभा, इकडे ये राहायला.”

“माका थंय काय करूचा? सातव्या माळ्यार बसान रस्तो बघू?” आणि मग म्हणाली, “घरात कोण खोकणारा व्हया रे. मानूस खोकलो म्हणजे बरा वाटता.”

मला तिची काळजी वाटते. ती फाट्यापासून वर डोक्यावर बोजा घेऊन चालत आली की तिचे गुडघे आठवडाभर सुजलेले असत, आणि ते ती मला सांगत नसे, विशाल सांगायचा. हा कागद मी तिच्यासाठी लिहितो आहे. बाकीची कलमे सोबतीला आहेत.

आमच्या घरातील माझा अर्धा हिस्सा मी शुभाला देतो. आता ते घर पूर्ण तिचे. पडवीत कोणी झोपावे हे तिने ठरवावे.

कलम ७. शेडच्या पलीकडे, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला माझी काजूची जमीन आहे. ती मी स्वतःच्या कमाईतून घेतली, सातबाऱ्यावर माझे एकट्याचे नाव आहे आणि वडिलोपार्जित मिळकतीशी तिचा काडीचा संबंध नाही. गाडी बंद होऊन दोन पावसाळे गेल्यावर मी गावी गेलो, काजूची कलमे तोडली, जमीन सपाट करून घेतली आणि व्हाळाच्या बाजूने चिऱ्यांचा बांध घातला. कलमे तोडताना मला वाईट वाटले. ती सुलक्षणाने लावली होती. आगाराला अर्ज केला, माणसे आली, बघून गेली, आणि गाडी पुन्हा वर येऊ लागली. शेडला वळसा घालून ती माझ्या जमिनीत शिरते, मागे जाते आणि फिरते. आज तीन वर्षे झाली.

फक्त एक गोष्ट आहे. मागे व्हाळ आहे. गाडी मागे घेताना कोणीतरी बांधाच्या कडेला उभे राहून ड्रायव्हरला सांगावे लागते. कंडक्टर सांगतोच, पण तो दरवाजाच्या बाजूला असतो आणि दुसऱ्या बाजूचे चाक त्याला दिसत नाही. त्या बाजूला शुभा उभी राहते. रोज संध्याकाळी पदर खोचून, हातात बॅटरी घेऊन, “येवंदे, येवंदे, आजून येवंदे, बस” म्हणते आणि गाडीच्या पाठीवर थाप मारते. थाप पडल्याशिवाय सहदेव गाडी थांबवत नाही. मी तिला फोनवर म्हटले की ह्या वयात हे उद्योग कशाला. ती म्हणाली, “मगे कोण बघतलो?”

आता सुबोधविषयी. माझ्या चिरंजीवांनी मला न विचारता ही जमीन चंद्रप्रकाशला कबूल केली आहे. तिथे मंडळाचे सभागृह आणि मोटारींसाठी पार्किंग व्हायचे आहे. माझ्या मरणाची वाट बघण्याचे सौजन्य दोघांनी दाखवले आहे, त्याबद्दल मी आभारी आहे. मला हे कळले तेव्हा आमचे बोलणे झाले ते असे.

“पप्पा, एसटीने आता जातं कोण? सगळ्यांकडे गाड्या आहेत ना यार.”

“तुझ्या आत्याकडे कुठली गाडी आहे?”

“तिला फोन दिलाय ना मी. रिक्षा बोलवायची. नाहीतर इथे आणू तिला.”

“ती येणार नाही.”

“मग तिचा प्रॉब्लेम आहे तो.”

 दीप्ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्याला म्हणाली, “असं बोलतात का रे?” म्हणून बांगड्या.

गेल्या मे महिन्यात मंडळाच्या पूजेला सुबोध आपली मोटार घेऊन गावी गेला. त्या दिवशी शुभाला ताप होता. संध्याकाळी गाडी आली. पुढचे मला सहदेवने सांगितले. “काका, मी हॉर्न दिला, दिला, दिला. तुमचे सुबोधसाहेब शेडमधे बसले होते. तिथनंच हात करतात मला, या, या, बिनधास्त या. बसल्या जागेवरनं.” सहदेव गाडी मागे घेईना. खाली व्हाळ असताना खुर्चीतून आलेल्या आवाजावर कोण गाडी मागे घेईल? शेवटी शुभा अंगावर गोधडी घेऊन बाहेर आली, भिंतीला धरत धरत बांधापर्यंत गेली आणि कडेला उभी राहिली.

मी सुबोधला विचारले. तो म्हणाला, “पप्पा, मागे कॅमेरे लावतात आजकाल. बसला कॅमेरा लावा ना.” त्याच दिवशी मी हा कागद करायचे ठरवले.

ही जमीन सुबोधला मिळणार नाही. मंडळाला मिळणार नाही. चंद्रप्रकाशला तीवर मोटार उभी करता येणार नाही, तो आपली मोटार आपल्या वडिलांच्या शेडमध्ये लावू शकतो, शेळ्यांनी परवानगी दिली तर. जमीन शुभाला, तिच्या हयातीपर्यंत. तिच्यानंतर ती विशाल खंडू कांबळे याला कायमची. शर्त एक, की गाडी येते आहे तोवर तीवर कुंपण, भिंत, देऊळ, पुतळा, सभागृह किंवा कोणाच्याही स्मरणार्थ काहीही उभे राहू नये. ग्रामपंचायतीला द्या असे वकिलांनी सुचवले होते. पुढच्या निवडणुकीत तिथे व्यायामशाळा झाली असती.

विशाल हा आमच्या गावचा एकटाच मुंबईकर आहे जो आईला, शकुबाईला, भेटायला दर महिन्याला एस.टी.ने जातो. इथे मेट्रोत नोकरीला आहे, रजा तेवढ्याच मिळतात. मी त्याला घरी बोलावून सांगितले तेव्हा तो खूश झाला नाही.

“काका, मला नको ती जमीन. तुमच्या भावकीच्या राड्यात मला कशाला ओढताय? देवळाच्या बाजूची आहे. उद्या दगड माझ्या आईच्या घरावर पडणार, तुमच्या नाही.”

त्याचे खरे होते. मी त्याला म्हटले की दुसऱ्या कोणावर माझा विश्वास नाही. तो म्हणाला, “तुमचा विश्वास बसावा म्हणून मी काय केलंय? मी फक्त गाडीने जातो.” मी म्हटले तेवढेच पुरे आहे, तेवढे करणारा दुसरा मिळाला नाही. तो आठ दिवसांनी पुन्हा आला. आईशी बोलला होता. शकुबाई म्हणाली होती की गाडी बंद होती तेव्हा शुभाताईंच्या पायांना मी तेल लावत होते, तू घे. मग त्याने घेतो म्हटले, पण स्वतःची शर्त घातली. “तिथे तुमच्या नावाचा बोर्ड लागता कामा नये. एकदम प्लेन जागा पाहिजे. मग मी सांभाळतो.”

सबंध आयुष्य मी लोकांची नावे रंगवली. मला थोडा राग आला. नंतर कबूल केले.

भावकीच्या पोटात दुखेल. दुखू दे. हे कलम सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, मंडळाच्या सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावे अशी माझी इच्छा आहे. चंद्रप्रकाशला पहिल्या रांगेत बसवावे, त्याला तसेही तिथेच बसायची सवय आहे.

कलम ८. या कागदाप्रमाणे सर्व करून घेण्याचे काम मी सून दीप्ती सुबोध राऊळ हिच्यावर सोपवतो. तिला विचारले आहे. तिने आधी नकार दिला, मग नवऱ्याकडे बघून होकार दिला. सुबोधने या कागदाविरुद्ध कोर्टात जायचे ठरवले तर जावे. तारखांना जाण्यायेण्यात त्याला निदान सार्वजनिक वाहनाची ओळख होईल.

कलम ९. माझ्यामागे दहावे, बारावे, तेरावे करू नये. मंडळाने शोकसभा घेऊ नये. घेतल्यास माझा फोटो फ्लेक्सवर छापू नये.

त्याऐवजी सुबोधने एक काम करावे, आणि हे मी त्याला हुकूम म्हणून सांगत नाही, मागतो आहे. सुबोध, मोटार घाटकोपरला ठेव. एस.टी.ने तालुक्याला जा, तिथून संध्याकाळची मुक्कामाची गाडी धर आणि शेवटपर्यंत बसून राहा. वर पोचलास की उतर आणि शेडमध्ये बसू नकोस. बांधाच्या कडेला जा. व्हाळ किती खाली आहे ते एकदा बघून घे, म्हणजे आवाज आपोआप नीट लागेल. ड्रायव्हर तुझ्याकडे आरशातून बघेल. त्याला तू दिसशील असा उभा राहा. तो मागे येऊ लागला की घाबरशील, मीही पहिल्यांदा घाबरलो होतो, पण जागा सोडू नकोस. चाक बांधाशी आले की गाडीच्या पाठीवर जोरात थाप मार. गाडी थांबली तर माझे सगळे दिवसपाणी झाले असे समज.

आणि तुझी आत्या बॅटरी घेऊन बाहेर येईल, तिला सवय आहे. तिला म्हण, आज मी आहे, तू बस.

हा कागद मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे. वाचून बघितला, आणि यातला एकही शब्द मागे घ्यावासा वाटत नाही.

सही
श्यामसुंदर भिकाजी राऊळ

श्री. राऊळ यांनी आम्हा दोघींच्या देखत वरील सही केली आणि आम्ही त्यांच्या देखत खाली केल्या. या कागदाने आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार १. डॉ. रुचिरा प्रधान, दवाखाना भटवाडी, घाटकोपर पश्चिम (सही)

साक्षीदार २. नलिनी तांबे, निवृत्त शिक्षिका, सहावा मजला, याच इमारतीत (सही)

स्थळ : घाटकोपर, मुंबई
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५